तोटी कोण उघडणार? ग्रंथालयातला संगणक आणि मदतीचा हक्क

विद्यापीठाच्या ग्रंथालयात संगणक आहेत, इंटरनेट आहे, दारावर कुणी जात विचारत नाही. मग इंदापूर-बारामतीकडच्या वस्तीतून आलेला विद्यार्थी त्या संगणकासमोर पाच मिनिटे बसून उठतो आणि रस्त्यापलीकडच्या झेरॉक्सच्या दुकानात पैसे मोजून आपला अर्ज दुसऱ्याकडून भरून घेतो, हे का घडते?

या प्रश्नाला दोन तयार उत्तरे मिळतात. एक, या मुलांना शिकायचेच नाही, त्यांना फक्त रील्स बघायच्या आहेत. दोन, काळ बदलतो आहे, हळूहळू सगळे शिकतील. पहिले उत्तर दोष विद्यार्थ्यावर ढकलते, दुसरे काळावर. संस्थेवर मात्र कुणीच काही जबाबदारी टाकत नाही.

समाजशास्त्र शिकलेला आणि आता वस्तीत काम करणारा कार्यकर्ता म्हणून माझे म्हणणे असे आहे की, ग्रंथालयातल्या संगणकाशेजारी मदतीला माणूस असणे हा विद्यार्थ्याचा हक्क आहे, कुणाचा उपकार नाही. हा विचार आजचा नाही, आपल्याच इतिहासातून तो निघतो. दार उघडणे आणि आतली वस्तू प्रत्यक्ष हाती लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या माणसांनी गेल्या पावणेदोनशे वर्षांत पुन्हा पुन्हा अनुभवले आहे.

साताऱ्याचा नळ

बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत शाळेतल्या पाण्याची गोष्ट लिहून ठेवली आहे. तेव्हा कुटुंब साताऱ्याला होते. तहान लागली की इतर मुले मास्तरांना विचारून नळावर जात, तोटी उघडत, पाणी पीत. भीमरावांना तोटीला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने तोटी उघडली तरच पाणी. शिपाई हजर नसला तर तहान तशीच दाबून बसायचे.

या प्रसंगाकडे फक्त दुःखाची आठवण म्हणून बघू नका, त्याची रचना बघा. हजेरीपटावर नाव होते. शाळेत नळ होता. नळाला पाणीही होते. सरकारी कागदावर सगळे ठीक होते. अडत होते ते फक्त शेवटच्या हातभर अंतरावर.

आज संगणकाला हात लावायला कुणी बंदी करत नाही. हा फरक मोठा आहे आणि तो लढून मिळवलेला आहे. पण वस्तू समोर, नाव यादीत आणि शेवटचे हातभर अंतर तसेच, ही रचना आपल्या ओळखीची आहे. या प्रसंगातून आणखी एक गोष्ट शिकायची आहे. साताऱ्याच्या त्या मुलाला कायमचा शिपाई नको होता. त्याला स्वतःच्या हाताने तोटी उघडायची होती. मदतीचा हक्क मागताना हे ध्यानात ठेवले पाहिजे, कारण मदत करणारा मालक व्हायला वेळ लागत नाही.

पुण्यात १८४८ साली काय घडले

१८४८ साली पुण्यात दोन संस्था जन्माला आल्या. एक ‘पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी’, म्हणजे आजचे पुणे नगर वाचन मंदिर. तिच्या स्थापनेत लोकहितवादींचा हात होता. दुसरी संस्था म्हणजे भिडे वाड्यातली जोतीराव आणि सावित्रीबाईंची मुलींची शाळा. एकाच शहरात, एकाच वर्षी. पहिली संस्था ज्यांना वाचता येत होते त्यांच्यासाठी होती. दुसरी संस्था ज्यांना वाचूच दिले नव्हते त्यांना वाचायला शिकवत होती.

या दोन्हींमधले अंतर किती मोठे होते, हे मुक्ता साळवेने सांगितले. मातंग समाजातली ही चौदा वर्षांची मुलगी फुले दांपत्याच्या शाळेत शिकली आणि मांग-महारांच्या दुःखावरचा तिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. ज्यांना वेद वाचण्याचा अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, हा प्रश्न तिने त्यात विचारला. मेजर कँडी बक्षीस म्हणून खाऊ देऊ लागले तेव्हा तिने खाऊऐवजी ग्रंथालय मागितले, अशी आठवण चळवळीत आजही सांगितली जाते. आपल्या समाजाची ग्रंथालयाची मागणी किती जुनी आहे ते यावरून कळते.

बडोदे आणि कोलंबिया

सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणले. गावोगाव ग्रंथालये निघाली, पेट्यांमधून फिरती पुस्तके गेली. भारतातल्या सार्वजनिक ग्रंथालय चळवळीचा पाया तिथे घातला गेला. त्याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. आणि १९१७ साली बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्याच शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून कागद टाकत. राजा उदार होता, संस्थानात ग्रंथालये होती, कायदा अनुकूल होता. पण कागद हातात देणारा माणूस बदललेला नव्हता.

आता कोलंबिया बघा. वाचकाला हवे ते शोधायला मदत करणे हे ग्रंथपालाचे कामच आहे, ही मांडणी अमेरिकेतल्या वूस्टर गावच्या सॅम्युअल ग्रीन या ग्रंथपालाने १८७६ साली केली. ग्रंथालयशास्त्रात तिलाच पुढे संदर्भ सेवा म्हटले गेले. ग्रंथपाल घडवणारी पहिली शाळा १८८७ साली कोलंबियातच मेल्विल ड्युईने काढली. पुस्तकांच्या पाठीवर आज जे आकडे दिसतात ते त्याच्याच पद्धतीचे. पण ड्युईच्या क्लबमध्ये ज्यू आणि काळ्या लोकांना प्रवेश नव्हता. २०१९ साली अमेरिकन ग्रंथालय संघटनेने त्याच्या नावाचे पदक दुसऱ्या नावाने द्यायचे ठरवले ते याच कारणाने. ज्ञानाची उत्तम मांडणी करणारा माणूस माणसांची मांडणी मात्र जुनीच ठेवू शकतो, हे आपल्याला नवीन नाही.

भीमराव तिथे पोचले तेव्हा ग्रंथालय वाचकाला मदत करणारी संस्था म्हणून उभे होते. त्या वाचनाचा ठसा त्यांच्यावर जन्मभर राहिला. मुंबईला हिंदू कॉलनीत बांधलेले ‘राजगृह’ हे घर त्यांनी पुस्तकांसाठी बांधले.

भारतात हा विचार एस. आर. रंगनाथन यांनी रुजवला. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. पुस्तके वापरासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे, वाचकाचा वेळ वाचवला पाहिजे, ही त्यातलीच. यात ‘पुस्तक’ या शब्दाच्या जागी ‘संगणक’ शब्द ठेवून बघा. वापराविना झाकून ठेवलेला संगणक, अडून बसलेला विद्यार्थी आणि वाया गेलेली दुपार, ही तिन्ही त्या सूत्रांची पायमल्ली आहे.

ठराव आणि पाऊल

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर तळे खुले होते. तरी तिथले पाणी पहिल्यांदा ओंजळीत घेतले गेले ते २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांच्या मागून हजारो माणसे चालत गेली तेव्हा. त्यानंतर मारहाण झाली, कोर्टकचेरी झाली आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ उजाडले. ठरावापासून निकालापर्यंत चौदा वर्षे.

ग्रंथालयाचा असाच सत्याग्रह अमेरिकेत झाला. व्हर्जिनिया राज्यातल्या अलेक्झांड्रिया शहरात सार्वजनिक ग्रंथालय सर्वांच्या कराच्या पैशावर चालत होते, पण काळ्यांना सभासद करून घेत नव्हते. २१ ऑगस्ट १९३९ रोजी पाच काळे तरुण एकेक करून आत गेले, पुस्तक उचलले आणि शांतपणे वाचत बसले. त्यांना अटक झाली. या कृतीमागे सॅम्युअल टकर हा तरुण वकील होता. शहराने पुढच्या वर्षी काळ्यांसाठी वेगळे, छोटे ग्रंथालय काढून दिले. चहाच्या दुकानातला वेगळा कप आपल्याला ठाऊक आहे. ते वेगळे ग्रंथालय म्हणजे तसाच कप.

बाबासाहेबांनी वेगळ्या कपाची मागणी केली नाही. त्यांनी संस्था उभ्या केल्या. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईला सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० साली औरंगाबादला मिलिंद. सिद्धार्थच्या ग्रंथालयात त्यांनी स्वतः लक्ष घातले. सिद्धार्थमधली एक साधी गोष्ट आपण विसरतो. नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी तिथे सकाळचे वर्ग होते. संस्थेने विद्यार्थ्याची घडी बघून आपली घडी बसवली. ग्रंथालयातल्या मदतीचा विचार करताना मला हेच उदाहरण सगळ्यात महत्त्वाचे वाटते.

१९९१: गणेशखिंडीतले यंत्र

पुणे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले. पहिले कुलगुरू बॅ. मु. रा. जयकर, पुणे कराराच्या वाटाघाटींत सप्रूंबरोबर मध्यस्थी करणारे. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचेच नाव आहे. २०१४ साली विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव मिळाले.

१९९१ हे वर्ष आपल्यासाठी बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचे. मंडल आयोगाच्या घोषणेला जेमतेम वर्ष झाले होते. त्याच वर्षी गणेशखिंडीच्या परिसरात काय चालले होते? विद्यापीठाच्या आवारातल्या सी-डॅकने ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला. त्याच आवारातल्या आयुका या संस्थेखाली देशभरच्या विद्यापीठ ग्रंथालयांना संगणकाने जोडणारा इन्फ्लिबनेट हा प्रकल्प विद्यापीठ अनुदान आयोगाने सुरू केला. पुढे १९९६ साली तो स्वतंत्र केंद्र झाला. १९९१ सालीच भारतीय लिप्यांसाठीचे इस्की हे प्रमाण ठरले आणि युनिकोडची पहिली आवृत्ती देवनागरीसह आली.

म्हणजे देशाच्या संगणक इतिहासातल्या मोठ्या गोष्टी इंदापूरपासून एसटीने तीन-चार तासांवर घडत होत्या. पण महामार्गाने पुण्याला येणाऱ्या आपल्या मुलांच्या वाट्याला त्यातले काय आले? यंत्र आले, जाळे आले, प्रमाणे आली. त्या यंत्राशेजारी बसून दाखवणारा माणूस कुठल्याच आराखड्यात नव्हता.

पुन्हा कोलंबियाकडे बघू. १९८१ साली तिथे विद्यार्थ्यांची एक तक्रार होती. विद्यापीठाच्या मोठ्या संगणकावर त्यांना फाइली ठेवायला पुरेशी जागा मिळत नव्हती. संगणक केंद्राने विद्यार्थ्यांना गप्प बसवले नाही. फाइल मोठ्या संगणकावरून काढून फ्लॉपीवर नेता यावी म्हणून त्यांनी ‘कर्मिट’ नावाची पद्धत तयार केली आणि ती पुढे जगभर वापरली गेली. विद्यार्थ्याची अडचण संस्थेने आपली मानली की काय होते, त्याचे हे उदाहरण.

अक्षरांची खिचडी

आपल्याकडची अडचण अक्षरांची होती, आणि ती अजून संपलेली नाही. एम.ए.चा किंवा पीएच.डी.चा विद्यार्थी डीटीपीच्या दुकानात मराठीत प्रबंध टाइप करून घेतो. पेनड्राइव्ह घेऊन ग्रंथालयात येतो, फाइल उघडतो आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. त्याला वाटते फाइल गेली, सहा महिन्यांचे काम गेले. मी अशी रडकुंडीला आलेली मुले पाहिली आहेत.

फाइल गेलेली नसते. जुन्या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी इंग्रजी अक्षरेच असतात, फॉन्ट फक्त त्यांच्या जागी मराठी आकार काढून दाखवतो. तो फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसला की मुखवटा गळून पडतो. शिवाय प्रत्येक कंपनीचा मुखवटा वेगळा. युनिकोडमध्ये ‘क’ला स्वतःचा क्रमांक असतो, तो कुठेही ‘क’च राहतो. विंडोज २००० पासून मंगल फॉन्टसह हे संगणकात आलेले आहे. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने आहेत. बदलल्यावर जोडाक्षरे, रफार आणि अनुस्वार तपासावे लागतात. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक चुकला तर गुरुजींचा स्वयंपाकी होतो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर हा दुसरा ‘ऱ’ शिफ्ट दाबून ‘र’च्याच कळीवर मिळतो. सांगायला पाच मिनिटे लागतात. पण हे सांगणारा माणूसच नसेल तर विद्यार्थी पुन्हा दुकानात जातो आणि पुन्हा पैसे मोजतो.

ही फक्त सोयीची बाब नाही. २००९ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच.डी.चे प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देणे बंधनकारक केले आणि ते ‘शोधगंगा’वर जमा होऊ लागले. मराठीतला प्रबंध जुन्या फॉन्टमध्ये किंवा कागदाचे फोटो काढून चढवला तर तो शोधात सापडत नाही. आपल्या वस्त्यांवर, आपल्या जलशांवर, आपल्या धर्मांतरावर कष्टाने केलेले संशोधन जगाच्या कपाटात राहते, पण कुणाला मिळत नाही. ज्यांचा इतिहास मुळात लिहिला गेला नाही, त्यांनी लिहिलेला इतिहासही असा झाकला जातो.

उसाच्या पट्ट्यातला संगणक

कुणी म्हणेल, ग्रामीण भागात संगणक नेण्याचे प्रयत्न झालेच ना? झाले. आमच्या भागात बारामतीच्या विद्या प्रतिष्ठानने संगणक बसवलेली बस खेड्यातल्या शाळांकडे नेली. राज्यात २००१ साली एमकेसीएल स्थापन झाली आणि एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्यातालुक्यात निघाले. पण तो कोर्स बहुतेक मुलांनी केला तो सरकारी नोकरीच्या अर्जाला प्रमाणपत्र लागते म्हणून. प्रमाणपत्र फाइलमध्ये गेले, हात मात्र कोराच राहिला.

सगळ्यात बोलका अनुभव वारणेचा. १९९८ साली वारणानगर परिसरातल्या सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे बसवली गेली. खेड्यात माहितीची क्रांती होणार असे सांगितले गेले. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी पाहिले तर त्या संगणकांचा खरा उपयोग उसाच्या नोंदी आणि वजनाची माहिती देण्यापुरता उरला होता. २००६-०७च्या सुमारास तेच काम मोबाइलच्या एसएमएसवर करून बघितले गेले आणि ते जमले.

यातून मी काढलेला अर्थ असा. संगणक ज्या संस्थेच्या दारात ठेवला जातो, त्या संस्थेच्या सभासदांचाच तो होतो. कारखान्याच्या दारात ठेवला तर ज्याचा ऊस आहे त्याच्या कामाचा. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याची नोंद काय आणि वजन काय? इंदापूर तालुक्यात भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर असे कारखाने आहेत. तिथल्या भूमिहीन घरातल्या मुलाला सभासदत्व न मागणारी एकच संस्था उरते. ती म्हणजे शाळा-कॉलेज आणि तिथले ग्रंथालय. म्हणून ग्रंथालयातल्या संगणकाला आमच्या दृष्टीने वेगळे मोल आहे.

शिष्यवृत्तीची नवी तोटी

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी अनुसूचित जातींच्या शिक्षणासाठी वर्षाला ३ लाख रुपयांची तरतूद मिळवली. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. आपल्यातले किती डॉक्टर, प्राध्यापक, अधिकारी या एका तरतुदीवर उभे राहिले!

त्याच शिष्यवृत्तीचा अर्ज २०१७ पासून महाडीबीटी पोर्टलवर भरावा लागतो. पहिले वर्ष तर पोर्टलच्या तांत्रिक अडचणींनीच गाजले. दलाल आणि बोगस संस्था हटवण्यासाठी पैसे थेट खात्यात जावेत, हा हेतू चुकीचा नाही. २०२१ पासून केंद्राचा ६० टक्के हिस्साही थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. पण जुन्या अर्जाच्या वेळी कॉलेजचा क्लार्क समोर असायचा, चूक झाली तर खोडून दुरुस्त करता यायची. आता चूक पडद्यामागे जाते.

ग्रंथालयात मुले ज्या अडचणी घेऊन येतात त्या बहुतेक याच असतात. दाखल्याची पीडीएफ ठरलेल्या आकारापेक्षा मोठी. आधारवरचे नाव आणि गुणपत्रिकेवरचे नाव वेगळे. ओटीपी जातो तो वडिलांच्या बंद पडलेल्या नंबरवर. खाते आधारशी जोडलेले आहे असे वाटते, प्रत्यक्षात पैसे येणार ते जुन्या, वापरात नसलेल्या खात्यात, कारण आधार त्याच खात्याला जोडलेले राहिले. आणि सगळ्यात वाईट प्रकार: दुकानदाराने पहिल्या वर्षी अर्ज भरताना स्वतःचा मोबाइल नंबर आणि स्वतःच ठरवलेला पासवर्ड टाकलेला. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण करायचे तर आपल्याच खात्यात शिरता येत नाही. आधारची प्रत, जातीचा दाखला, बँकेचे पासबुक सगळे त्याच्या संगणकात पडून.

मला विचाराल तर ही नवी शिपाईगिरी आहे. हक्क तुमचा, पण तोटी त्याच्या हातात, आणि प्रत्येक वेळी तोटी उघडायचे पैसे वेगळे. या अर्जावर मुलीचे पुढचे शिक्षण टिकते की मोडते ते ठरते. शिष्यवृत्ती अडकली की कॉलेज फी मागते, घरून लग्नाचा विषय निघतो. आमच्या भागात हे नेहमी घडते.

काही आक्षेप

पहिला आक्षेप: आता सगळ्यांच्या हातात मोबाइल आहे. मोबाइल आहे, मान्य. पण २०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत (७५वी फेरी) देशातल्या फक्त १०.७ टक्के घरांत संगणक होता. ग्रामीण भागात ४.४ टक्के, शहरात २३.४ टक्के. इंटरनेटची सोय ग्रामीण भागात १४.९ टक्के घरांत, शहरात ४२ टक्के. त्यानंतर मोबाइल वाढले, पण प्रबंधाच्या तळटिपा, तक्ते, पन्नास पानांची फाइल मोबाइलवर होत नाही. २०२०च्या टाळेबंदीत हे सगळ्यांनीच बघितले. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ साली फहीमा शिरीन या वसतिगृहातल्या विद्यार्थिनीच्या खटल्यात इंटरनेटचा वापर हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. न्यायालय इतके पुढे गेले आहे, आपली ग्रंथालये का जाऊ नयेत?

दुसरा आक्षेप: हे ग्रंथपालाचे काम नाही. ग्रीनपासून रंगनाथनांपर्यंतचा इतिहास सांगतो की वाचकाला मदत हेच ग्रंथपालाचे काम आहे. मात्र जागा रिकाम्या ठेवून एकाच माणसावर पाच माणसांचे काम लादायचे, आणि मग मदत मिळत नाही म्हणून त्याच्याच नावाने ओरडायचे, हेही आम्हाला मान्य नाही. भांडण त्या टेबलावरच्या माणसाशी नसून पद न भरणाऱ्या व्यवस्थेशी आहे.

तिसरा आक्षेप: यात जात कुठे आली? गरीब मराठा, धनगर, मुस्लिम मुलालाही हीच अडचण येते. बरोबर, येते. म्हणूनच ही मागणी सर्वांसाठी आहे. पण ज्या घरात तीन पिढ्या मास्तर, क्लार्क, इंजिनियर आहेत, त्या घरातल्या मुलाला विचारायला काका असतो, मावसभाऊ असतो. असा विचारायला माणूस असणे हीसुद्धा वारशाने मिळालेली संपत्ती आहे. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याकडे ती नसते. हा वारसा संस्थेने भरून काढायचा असतो, नाहीतर समान संधी हा शब्द बोले ठरावासारखा कागदावर राहतो.

मग करायचे काय?

एक, प्रत्येक कॉलेज आणि विद्यापीठ ग्रंथालयात संगणक मदतीचे ठरावीक टेबल आणि ठरावीक वेळ हवी. वेळ एसटीच्या वेळापत्रकाला धरून असावी. पाचला शेवटची बस असणाऱ्या मुलीला संध्याकाळी सहाची मदत काय कामाची? सिद्धार्थच्या सकाळच्या वर्गांमागचा विचार इथे लागू करा.

दोन, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने विद्यापीठात ‘कमवा व शिका’ योजना आहे. त्यातल्या मुलामुलींना प्रशिक्षण देऊन या टेबलावर बसवा. मुलींसाठी मुलगी असेल तर संकोचही कमी होईल.

तीन, मदतीचा नियम ठरवा: माउस विद्यार्थ्याच्या हातातच राहील. मदत करणाऱ्याने शेजारी बसून सांगायचे, हातातून काढून घ्यायचे नाही. मोबाइल नंबर आणि पासवर्ड विद्यार्थ्याचाच, तो त्याने आपल्या वहीत लिहायचा आणि उठताना खात्यातून बाहेर पडायचे. गेल्या महिन्यात ज्याने अर्ज भरला, त्याने या महिन्यात दुसऱ्याला शिकवायचे.

चार, आपल्या समाजासाठी. आपण विहारे बांधली, पुतळे उभारले, जयंतीला डीजे लावला. विहारातल्या अभ्यासिकेत एक जुना संगणक, एक स्कॅनर आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी बसणारा एक शिकलेला तरुण, एवढे आपण सरकारची वाट न बघता करू शकतो. आपल्यातले जे शिकून पुण्या-मुंबईला नोकरीला लागले, त्यांनी रविवारचे दोन तास द्यावेत. धम्मात अशा सोबत्याला कल्याणमित्र म्हणतात. स्वतःचा दिवा स्वतः व्हायचे असते हे खरे, पण पहिली वात पेटवायला कुणीतरी शेजारी लागतो.

मुक्ता साळवेच्या निबंधाला १७० वर्षे झाली. ग्रंथालये उभी राहिली, संगणक आले, तारा जोडल्या गेल्या. आता शेवटचे हातभर अंतर उरले आहे. येत्या शिष्यवृत्तीच्या हंगामात आपापल्या कॉलेजच्या ग्रंथालयात जा, प्राचार्यांना मदतीच्या टेबलाचे लेखी निवेदन द्या, त्याची पोच घ्या. आणि निवेदन देऊन झाल्यावर लगेच निघू नका. तिथे कुणी विद्यार्थी स्क्रीनकडे बघत अडून बसला असेल, त्याच्या शेजारची खुर्ची ओढा आणि बसा.

जय भीम!